ॲप्लॅकोफोरा

मृदुकाय संघातील कवचहीन, कृमिसदृश व सर्वस्वी सागरी प्राण्यांचा समूह. गोगलगायी, शिंपले, कालवे, माकूळ व ऑक्टोपस हे या संघातील सर्वपरिचित प्राणी होत. त्यांच्या तुलनेत ॲप्लॅकोफोरा प्राणी फारसे कोणाच्या पाहण्यात येत नाहीत. ते भरती-ओहोटीच्या पट्ट्यात सहसा आढळत नाहीत, खाण्याच्या उपयोगी पडत नाहीत व बहुतेकांची लांबी काही मिमी. ते काही सेंमी. एवढीच असते. त्यामुळे मराठीत त्यांना रूढ नाव नाही. त्यांच्या सु. ४५० जाती ज्ञात असून त्या सॉलेनोगॅस्ट्रीज व कॉडोफोव्हिआटा या दोन वर्गांत विभागल्या जातात. जातींची संख्या अल्प असली, तरी प्राणिविज्ञानात या समूहाला मोठे महत्त्व आहे. मृदुकाय प्राण्यांचा आद्य पूर्वज कसा होता, या प्रश्नाच्या चर्चेत शंभरावर वर्षे या प्राण्यांची साक्ष काढली जात आहे आणि त्या साक्षीचा अर्थ गेल्या काही दशकांत जवळजवळ उलटा झाला आहे.

नाव व अभ्यासाचा इतिहास : स्वीडिश प्राणिवैज्ञानिक स्व्हेन लूव्हेन यांनी १८४४ मध्ये स्कँडिनेव्हियाच्या समुद्रातील एका लहान, चकचकीत, दंडगोलाकार प्राण्याचे वर्णन करून त्याला कीटोडर्मा निटिड्यूलम हे नाव दिले. कीटोडर्मा म्हणजे राठ केसांची त्वचा असलेला. या प्राण्याला कवच, डोके, डोळे, संस्पर्शक किंवा पाद यांपैकी काहीच दिसत नसल्यामुळे प्रारंभी त्याची गणना कृमिसदृश प्राण्यांत झाली. पुढे १८७५ मध्ये टुलबर्ग यांनी नीओमेनिया कॅरिनेटा या प्राण्याचे वर्णन केले. त्याच्या शरीराच्या खालच्या बाजूस मध्यभागी एक उभी खाच होती. या दोन प्राण्यांच्या तंत्रिका तंत्राची रचना कायटॉन प्राण्यांच्या तंत्रिका तंत्राशी जुळते, हे हेरमान फोन ईहेरिंग यांनी दाखवून दिले. त्यांनी १८७६ मध्ये ॲप्लॅकोफोरा हे नाव सुचविले व कायटॉनांसह या प्राण्यांचा ॲम्फिन्यूरा हा एक गट केला. ॲप्लॅकोफोरा याचा अर्थ ‘पट्ट धारण न करणारे’ आणि पॉलिप्लॅकोफोरा या कायटॉनांच्या वर्गनामाचा अर्थ ‘अनेक पट्ट धारण करणारे’ असा आहे. कार्ल गेगेनबाउर यांनी १८७८ मध्ये अधर खाचेवरून सॉलेनोगॅस्ट्रीज, म्हणजे ‘उदरावर पन्हळ असलेले’, हे नाव रूढ केले. पुष्कळ काळ हे नाव दोन्ही प्रकारच्या प्राण्यांना सरसकट लावले जात असे. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात बोएटगर यांनी चिखलात बिळे करून राहणाऱ्या, खाच नसलेल्या प्राण्यांसाठी कॉडोफोव्हिआटा हे स्वतंत्र नाव वापरले. त्यानंतर व्हिएन्नाचे सॅल्व्हिनी-प्लावेन व अमेरिकेतील अमेली शेल्टेमा यांच्या दीर्घकालीन संशोधनामुळे या समूहाचे वर्गीकरण सुव्यवस्थित झाले. मात्र त्याच्या क्रमविकासाविषयी या दोन संशोधकांची मते परस्परविरोधी होती.

सागरी संशोधन मोहिमांनी या प्राण्यांच्या ज्ञानात मोठी भर घातली. हिंदी महासागराच्या पूर्वेस इंडोनेशियाच्या समुद्रात १८९९-१९०० मध्ये गेलेल्या सिबोगा या डच मोहिमेत मिळालेल्या प्राण्यांचे वर्णन निएरस्ट्राझ यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केले. उष्ण कटिबंधातील या प्राण्यांच्या आद्य अभ्यासांत त्याची गणना होते.

शरीररचना : शरीर लांबट, बहुधा दंडगोलाकार व दोन्ही बाजूंनी सममित असते. काही जाती आखूड व जाड, तर काही दोऱ्यासारख्या बारीक असतात. इतर मृदुकाय प्राण्यांत प्रावार (शरीराभोवतीची मऊ घडी) कवच तयार करते. ॲप्लॅकोफोरा प्राण्यांत प्रावार जवळजवळ सर्व शरीराला नळीप्रमाणे वेढते व एकसंध कवचाऐवजी उपत्वचा आणि असंख्य कंटिका (लहान अणकुचीदार काटे) तयार करते. उपत्वचेत कायटिन असते. कंटिका कॅल्शियम कार्बोनेटाच्या ॲरॅगोनाइट या स्फटिकरूपाच्या असतात. त्यांचे आकार खवल्यांसारखे, सुयांसारखे, गळासारखे किंवा पन्हळीसारखे असतात आणि त्यांच्यामुळे प्राण्याला रेशमी अथवा चंदेरी झळाळी येते. कंटिकांचा आकार, त्यांची पोकळ वा भरीव रचना आणि त्यांची मांडणी यांवरून जाती ओळखता येतात.

मुख पुढच्या टोकाजवळ व प्रावार गुहा मागच्या टोकाला असते. या गुहेत गुदद्वार व जननमार्ग उघडतात. मुखाच्या आत पुष्कळ जातींत रेत्रिका (दातांच्या ओळी असलेली, कानशीसारखी पट्टी) असते. रेत्रिका हे मृदुकाय संघाचे खास लक्षण होय. कृमीसारख्या दिसणाऱ्या या प्राण्यांचे खरे नाते त्यांच्या बाह्यरूपावरून कळत नाही. ते रेत्रिका, प्रावार, प्रावार गुहा व तंत्रिका तंत्र यांवरून ठरते. हृदय पृष्ठीय बाजूस असून ते हृदयावरणात असते. रुधिराभिसरण तंत्र खुल्या प्रकारचे असते, म्हणजे रक्त शरीरातील पोकळ्यांतून वाहते. मेंदूच्या गुच्छिकेपासून तंत्रिका रज्जूंच्या दोन जोड्या निघून मागे जातात. त्यांपैकी एक जोडी अधर बाजूस व दुसरी पार्श्व बाजूंस असते. अशीच चार रज्जूंची मांडणी कायटॉनांतही आढळते. डोळे नसतात. शरीराच्या मागील टोकाजवळ पृष्ठभागी एक ज्ञानेंद्रिय असते.

वर्गीकरण : दोन वर्गांतील मुख्य भेद पाद, क्लोम, लिंगभेद व राहणी यांत आहेत.

(१) सॉलेनोगॅस्ट्रीज : या वर्गात सु. ३०० जाती आहेत. शरीराच्या अधर बाजूस मुखाच्या मागून प्रावार गुहेपर्यंत एक अरुंद खाच जाते. तिच्यात एक किंवा अधिक बारीक घड्या असून त्यांवर पक्ष्माभिका (हालणारे सूक्ष्म केस) असतात. या घड्या म्हणजे गोगलगायीच्या रुंद पादाचा अत्यंत आखडलेला प्रकार होय. खाचेच्या पुढच्या टोकाशी असलेल्या खळग्यातील ग्रंथी बुळबुळीत श्लेष्मा स्रवतात. त्या श्लेष्म्यावरून पक्ष्माभिकांच्या साहाय्याने प्राणी सावकाश सरकतो. कंकतक्लोम (फणीसारखे खरे क्लोम) या वर्गात नसतात. प्रावार गुहेच्या भित्तीला घड्या असल्या, तर त्यांतून श्वसन होते.

हे प्राणी मुख्यतः जलव्याल, मृदू प्रवाळ, समुद्रव्यजन यांसारख्या निडारिया संघातील प्राण्यांवर उपजीविका करतात. पुष्कळदा ते आपल्या भक्ष्याच्याच फांद्यांना वेटोळे घालून राहतात. निडारिया प्राण्यांच्या अंगी दंशकोशिका असतात. तरीही सॉलेनोगॅस्ट्रीज प्राणी त्यांचे भक्षण करतात व न फुटलेल्या दंशकोशिका त्यांच्या आतड्यात सापडतात. पचन मार्गात वेगळे जठर व वेगळी पाचक ग्रंथी नसून मध्यांत्र ही एकच लांब पिशवी दोन्ही कामे करते. काही जातींत रेत्रिका पूर्णपणे नाहीशी झालेली असून अन्न केवळ चोखून घेतले जाते. बहुतेक जाती लहान असल्या, तरी जपानच्या समुद्रात मृदू प्रवाळांवर राहणाऱ्या एपिमेनिया वंशातील प्राण्यांची लांबी ३० सेंमी. पर्यंत जाते.

सॅल्व्हिनी-प्लावेन यांनी १९७८ मध्ये या वर्गाचे चार गण केले. फोलिडोस्केपिया गणात उपत्वचा पातळ असून कंटिका खवल्यांसारख्या व एकाच थरात असतात. नीओमेनिॲमॉर्फा गणात पातळ उपत्वचेवर भरीव, पन्हळीसारख्या किंवा बरचीसारख्या कंटिका उभ्या असतात. स्टेरोफुस्टिया गणात उपत्वचा जाड व सुयांसारख्या कंटिका भरीव असतात, तर कॅव्हिबेलोनिया गणात त्या पोकळ असतात. ही विभागणी ओळख पटविण्यास सोयीची असली, तरी नैसर्गिक नात्यांशी ती सर्वत्र जुळत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेणवीय अभ्यासानुसार कॅव्हिबेलोनिया गणातील सर्व कुले एकाच पूर्वजापासून आलेली नाहीत. याच अभ्यासात ॲपोडोमेनिया एनिग्मॅटिका या, पादाचा मागमूसही नसलेल्या सॉलेनोगॅस्ट्रीज प्राण्याचे वर्णन केलेले आहे. ज्या खाचेवरून वर्गाला नाव मिळाले, तीच या प्राण्यात नाही.

(२) कॉडोफोव्हिआटा : या वर्गात सु. १५० जाती असून त्या सर्व समुद्रतळाच्या चिखलात राहतात. त्यांना पाद व अधर खाच नसते. मुखाभोवती किंवा मुखामागे उपत्वचेची एक जाड ढाल असते. तिचा उपयोग चिखल चाचपण्यासाठी व बीळ करण्यासाठी होतो. प्राणी डोके खाली व शेपटीचे टोक वर अशा स्थितीत बिळात राहतो. मागील टोकाच्या प्रावार गुहेत कंकतक्लोमांची एक जोडी असते व ती चिखलाच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचवून श्वसन केले जाते. देहभित्तीच्या जोरकस स्नायूंच्या आकुंचन-प्रसरणाने तो चिखलात पुढे सरकतो. कंटिकांची टोके मागे वळलेली असल्यामुळे त्याला चिखलात आधार मिळतो.

फोरॅमिनीफेरा व इतर सूक्ष्मजीव, लहान प्राणी आणि गाळातील सेंद्रिय कण हे या प्राण्यांचे अन्न होय. आहाराप्रमाणे रेत्रिकेत फरक पडतो. लिमिफॉसॉरिडी कुलात तिचे दात जोडीजोडीने मांडलेले व आकड्यासारखे असतात. प्रोकीटोडर्मॅटिडी कुलात त्यांच्या जोडीला जबडेही असतात. कीटोडर्मॅटिडी कुलात मात्र ती पुष्कळ आखडून एका शंकूच्या टोकाशी असलेल्या दोन बारीक दातांएवढीच उरते. या वर्गात मध्यांत्रापासून वेगळी झालेली पाचक ग्रंथी असते.

स्कूटोपस वंशातील प्राण्यांच्या अधर बाजूस मध्यभागी एक पुसट रेषा दिसते. प्रावाराच्या दोन कडा एकमेकींना मिळून जुळल्याची ही खूण मानली जाते. या प्राण्यांच्या पूर्वजांना अधर खाच होती व ती पुढे मिटली, असा निष्कर्ष तिच्यावरून निघतो. पुढे येणाऱ्या क्रमविकासाच्या चर्चेत ही लहानशी रेषा लक्षात ठेवण्याजोगी आहे.

प्रजोत्पादन व विकास : सॉलेनोगॅस्ट्रीज उभयलिंगी असतात, तर कॉडोफोव्हिआटामध्ये नर व मादी वेगळे असतात. दोन्ही वर्गांत जनन ग्रंथी हृदयावरण गुहेत उघडतात. अंडी व शुक्राणू त्या गुहेतून वाहिन्यांच्या मार्गाने प्रावार गुहेत व तेथून बाहेर जातात. सॉलेनोगॅस्ट्रीजमध्ये निषेचन शरीराच्या आत होते. काही जातींत मैथुनास साहाय्य करणारे काटे असतात व काही जाती पिलांचे प्रावार गुहेत संगोपन करतात. कॉडोफोव्हिआटामध्ये निषेचन पाण्यात होते. डिंभ (स्वतंत्र जगणारी अळीसारखी अवस्था) स्वतः अन्न घेत नाहीत. ते अंड्यातील पीतकावर वाढतात. सॉलेनोगॅस्ट्रीजच्या डिंभाच्या बहुतेक शरीरावर मोठ्या कोशिकांचे आवरण असते. त्याखाली प्रौढाचे शरीर घडत जाते व शेवटी हे आवरण टाकले जाते किंवा शोषले जाते.

आढळ : हे प्राणी ध्रुवीय समुद्रांपासून विषुववृत्तीय समुद्रांपर्यंत सर्वत्र आढळतात. काही जाती उथळ पाण्यात आहेत, परंतु बहुतेक भूखंड-मंचाच्या पलीकडील उतारांवर व खोल तळावर राहतात. पॅसिफिक महासागरातील खंदकांत ९,००० मी. पेक्षा अधिक खोलीवरूनही सॉलेनोगॅस्ट्रीज मिळाले आहेत. खोल समुद्राच्या चिखलात प्रोकीटोडर्मॅटिडी कुलातील प्राणी काही ठिकाणी फार मोठ्या संख्येने सापडतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्यास हे प्राणी सहजी दिसणार नाहीत. मात्र त्यांचे सर्वांत जवळचे आप्त, म्हणजे कायटॉन, कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कातळांना घट्ट चिकटलेले आढळतात. चपटे लंबगोल शरीर, पाठीवर कौलांप्रमाणे एकावर एक बसणारे आठ पट्ट, त्यांभोवती कंटिकांनी किंवा खवल्यांनी भरलेली कड आणि खाली रुंद पाद असे त्यांचे स्वरूप असते.

क्रमविकास : कायटॉन व ॲप्लॅकोफोरा यांच्यातील नात्याचा प्रश्न असा आहे. ॲप्लॅकोफोरा प्राण्यांना कवच कधी नव्हतेच, की होते व ते नाहीसे झाले? पहिली गोष्ट खरी असेल, तर हे प्राणी मृदुकाय संघाच्या आरंभीच्या अवस्थेचे जिवंत नमुने ठरतात. दुसरी खरी असेल, तर त्यांचे साधे रूप ही दीर्घ क्रमविकासाची अखेर ठरते आणि त्यावरून आद्य पूर्वजाचे चित्र रेखाटणे चुकीचे होते.

विसाव्या शतकात दीर्घकाळ पहिल्या मताचा प्रभाव होता. कृमीसारख्या पूर्वजाच्या अंगावर प्रथम उपत्वचा व कंटिका आल्या, पुढे त्यांच्या जागी कायटॉनांचे आठ पट्ट आले व अखेरीस गोगलगायी व शिंपले यांचे एकसंध कवच निर्माण झाले, अशी ही चढती मालिका होती. तीनुसार कायटॉन व एकसंध कवचाचे सर्व प्राणी मिळून टेस्टॅरिया, म्हणजे कवचधारी, हा एक गट होतो व ॲप्लॅकोफोरा त्याच्या बाहेर, वृक्षाच्या बुंध्याशी राहतात. सॅल्व्हिनी-प्लावेन यांनी हे मत हिरिरीने मांडले. त्यांच्या मते सॉलेनोगॅस्ट्रीज व कॉडोफोव्हिआटा हे दोन वर्ग बुंध्यापासून वेगवेगळ्या वेळी फुटले.

दुसऱ्या मतानुसार मृदुकाय संघाच्या दोन मुख्य शाखा आहेत. कंटिका धारण करणारे कायटॉन व ॲप्लॅकोफोरा यांची अक्युलिफेरा ही एक शाखा आणि एकसंध कवचापासून उत्पन्न झालेल्या गोगलगायी, शिंपले, माकूळ इत्यादींची काँकिफेरा ही दुसरी शाखा होय. अक्युलिफेरा हे नाव हाट्शेक यांनी १८९१ मध्ये दिले होते. शेल्टेमा यांनी या मताचे पुनरुज्जीवन केले. त्यांच्या मते ॲप्लॅकोफोरा प्राण्यांचे साधेपण दुय्यम आहे, म्हणजे ते अवयवांच्या ऱ्हासाने आलेले आहे.

कवच नाहीसे होणे ही मृदुकाय प्राण्यांत दुर्मिळ घटना नाही. विदर्भात काटोल किंवा नागपूरच्या आसपास पावसाळ्यात बागांत दिसणारी बिनशंखी गोगलगाय ही शंख असलेल्या पूर्वजांचीच वंशज आहे. समुद्रातील रंगीत बिनशंखी गोगलगायी व ऑक्टोपस यांच्या पूर्वजांनाही कवच होते. या वंशांत कवच स्वतंत्रपणे लोप पावले. लाकडात बिळे करणारे व गलबतांची हानी करणारे टेरेडो प्राणी तर प्रत्यक्ष शिंपल्यांचे नातेवाईक असून बिळातील राहणीमुळे त्यांचे शरीर कृमीसारखे लांब झाले आहे. त्यांच्या शिंपा शरीराच्या एका टोकाशी लहान खोदण्याच्या हत्यारांच्या रूपाने उरल्या आहेत. तेव्हा कवचाचा अभाव व कृमीसारखा आकार यांवरून एखादा प्राणी आदिम ठरत नाही. मात्र केवळ अशा साम्यावरून ॲप्लॅकोफोरांच्या पूर्वजांना कवच होतेच, असेही सिद्ध होत नाही. त्यासाठी स्वतंत्र पुरावा हवा. तो तीन दिशांनी मिळाला आहे.

डिंभांचा पुरावा : प्र्यूव्हो यांनी १८९० मध्ये एका सॉलेनोगॅस्ट्रीज प्राण्याच्या नुकत्याच रूपांतरित झालेल्या पिलाच्या पाठीवर एकामागे एक असे सात पट्ट पाहिल्याचे नमूद केले. हे निरीक्षण दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांतून उद्धृत होत राहिले. तथापि इतर जातींच्या, विशेषतः एपिमेनियाच्या विकासाच्या अभ्यासात तसे पट्ट आढळले नाहीत. त्यामुळे एकट्या या निरीक्षणावर भिस्त ठेवणे योग्य नव्हते. अधिक भक्कम पुरावा २०१३ मध्ये पुढे आला. वायरेनिया अर्जेंटिया या सॉलेनोगॅस्ट्रीज प्राण्याच्या डिंभातील स्नायू प्रौढातील स्नायूंपेक्षा अधिक गुंतागुंतीचे असून त्यांची मांडणी कायटॉनांच्या स्नायूंशी जुळते, असे दिसून आले. कायटॉनाला शरीराची गुंडाळी करण्यास मदत करणाऱ्या स्नायूंसारखे स्नायूही त्यात आहेत. वाढीच्या पुढील टप्प्यात ही रचना साधी होत जाते. प्रौढाचे साधेपण मागाहून आलेले आहे, याचा हा प्रत्यक्ष दाखला होय.

रेणवीय पुरावा : २०११ मध्ये दोन स्वतंत्र संशोधक गटांनी शेकडो जनुकांच्या क्रमांची तुलना करून मृदुकाय संघाचा वंशवृक्ष तयार केला. दोन्ही वृक्षांत कायटॉन व ॲप्लॅकोफोरा एकाच शाखेवर आले. सॉलेनोगॅस्ट्रीज व कॉडोफोव्हिआटा हे एकमेकांचे सर्वांत जवळचे नातेवाईक असल्याचेही या व नंतरच्या अभ्यासांवरून दिसते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, संपूर्ण जीनोमांवर आधारलेल्या अभ्यासानेही अक्युलिफेरा शाखेला पुष्टी दिली. तंत्रिका रज्जूंवरून ईहेरिंग यांनी १८७६ मध्ये जे नाते ओळखले होते, त्याला अशा प्रकारे नव्या साधनांनी दुजोरा मिळाला.

जीवाश्मांचा पुरावा : हा पुरावा मिळणे सर्वांत अवघड होते. मृदुकाय प्राण्यांचा जीवाश्मरूप इतिहास मुख्यतः त्यांच्या कवचांवरून ज्ञात झालेला आहे व याचे उत्तम उदाहरण नागपूर जिल्ह्यातच आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील काटोलचा प्रदेश दख्खन ट्रॅपच्या बेसाल्टाने व्यापलेला आहे. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत असताना दोन उद्रेकांच्या मधल्या काळात सखल भागांत तळी व दलदली तयार झाल्या. त्यांच्या गाळाचे थर पुढे नव्या लाव्ह्याखाली गाडले गेले. या अंतरा-ट्रॅपी थरांत फायसा, लिम्निया यांसारख्या गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख विपुल सापडतात. स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या नागपूर येथील मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टाकळी व आसपासच्या थरांतील जीवाश्म गोळा केले आणि हिस्लॉप यांनी १८६० मध्ये तेथील शंखांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. गोगलगायींचे मऊ शरीर केव्हाच नष्ट झाले, पण टणक शंखांमुळे त्यांची नोंद खडकात राहिली. ज्याला शंखच नाही व ज्याच्या बारीक कंटिका मृत्यूनंतर गाळात विखुरतात, त्या प्राण्याची अशी नोंद सामान्यतः राहत नाही.

अपवाद इंग्लंडमधील हेरफर्डशर येथे सापडला. तेथे सिल्युरियन कालात, सु. ४३ कोटी वर्षांपूर्वी, समुद्रतळावरील प्राणी ज्वालामुखीच्या राखेत एकाएकी गाडले गेले. त्यांच्याभोवती कॅल्साइटी गोळे तयार होऊन मऊ भागांचे आकारही टिकले. हे जीवाश्म खडकातून सुटे करता येत नाहीत. म्हणून गोळा मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढा घासावयाचा, उघड्या पडलेल्या पृष्ठाचे छायाचित्र घ्यावयाचे व पुन्हा घासावयाचे, अशी पद्धत वापरतात. अशा शेकडो छायाचित्रांवरून संगणकाच्या साहाय्याने प्राण्याचे त्रिमितीय रूप उभे केले जाते. या प्रक्रियेत मूळ जीवाश्म नष्ट होतो व त्याची प्रतिमा तेवढी उरते.

या पद्धतीने २००१ मध्ये ॲकीनोप्लॅक्स हा कृमिसदृश, पाठीवर पट्ट असलेला प्राणी ज्ञात झाला. त्याच्या नात्याविषयी काही काळ वाद झाला. २०१२ मध्ये वर्णन झालेल्या कुलिंड्रोप्लॅक्स या जीवाश्माने प्रश्न पुष्कळ स्पष्ट केला. त्याचे शरीर ॲप्लॅकोफोरांप्रमाणे दंडगोलाकार व कंटिकांनी आच्छादलेले आहे आणि त्याच्या पाठीवर कायटॉनांच्या पट्टांसारखे सात पट्ट आहेत. दोन्ही वर्गांची लक्षणे एकाच प्राण्यात एकत्र आलेली असल्यामुळे ॲप्लॅकोफोरांच्या पूर्वपरंपरेत पट्ट होते, या मताला मोठे बळ मिळाले. याच ठिकाणच्या पंक व ईमो या दोन नव्या वंशांचे वर्णन २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पाद, पट्ट व कंटिका यांचे त्यांतील मिश्रण आज जिवंत असलेल्या कोणत्याही वर्गात आढळत नाही. यावरून प्राचीन अक्युलिफेरा प्राण्यांची राहणी व आकार आजच्यापेक्षा अधिक विविध होते, असे दिसते.

या सर्व पुराव्यांचा मेळ घातल्यास पुढील चित्र तयार होते. पाठीवर पट्ट, त्यांभोवती कंटिका व खाली पाद असलेल्या पूर्वजांपासून एकीकडे कायटॉन झाले. त्यांनी कातळांना चिकटून राहण्याची पद्धत स्वीकारली व पट्ट आणि रुंद पाद कायम ठेवले. दुसरीकडे ॲप्लॅकोफोरांच्या पूर्वजांचे शरीर लांब व अरुंद होत गेले, प्रावाराच्या कडा खाली वळून एकमेकींजवळ आल्या व पट्ट लोप पावले. सॉलेनोगॅस्ट्रीजमध्ये पाद खाचेतील घडीएवढा उरला. कॉडोफोव्हिआटामध्ये खाचही मिटली व स्कूटोपसच्या अंगावरील रेषेएवढी तिची आठवण राहिली. मात्र अक्युलिफेरा व काँकिफेरा या दोन्ही शाखांच्या समाईक पूर्वजाला एक कवच होते, अनेक पट्ट होते की केवळ कंटिका होत्या, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. ॲप्लॅकोफोरा प्राण्यांच्या सध्याच्या रूपावरून त्याचे उत्तर थेट देता येत नाही, एवढे निश्चित झाले आहे.

महत्त्व : या प्राण्यांना आर्थिक महत्त्व जवळजवळ नाही. खोल समुद्रतळावरील अन्नसाखळीत मात्र त्यांचे स्थान आहे. कॉडोफोव्हिआटा गाळ सतत ढवळतात आणि सॉलेनोगॅस्ट्रीज प्रवाळसदृश प्राण्यांच्या वसाहतींवर चरतात. त्यांचे खरे महत्त्व वैज्ञानिक विचारपद्धतीच्या दृष्टीने आहे. जो प्राणी साधा तो प्राचीन व जो गुंतागुंतीचा तो नंतरचा, ही समजूत क्रमविकासाच्या अभ्यासात अनेकदा गृहीत धरली गेली. ॲप्लॅकोफोरांच्या बाबतीत ती गैरसमज ठरली. एखाद्या अवयवाचा अभाव आढळला, तर तो मुळातच नव्हता की मागाहून नाहीसा झाला, हे प्रत्येक वेळी डिंभ, जनुके व जीवाश्म यांच्या स्वतंत्र पुराव्याने ठरवावे लागते.